सतरा नंबरचं कार्ड

कुणाला सांगणार नसाल तर सांगते. मी या शाळेत नवीन आले तेव्हाची गोष्ट. सकाळी पालकसभा होती. त्याआधी शाळेच्या वेबसाइटवरचं आमच्या मुलींच्या तुकडीचं पान साफ करायला सरांनी मला आणि वर्गातल्या रुखसारला बसवलं. पानावर प्रत्येक मुलीचं फोटोचं कार्ड होतं.

सर म्हणाले, "पानावर काय कसं दिसेल ते ठरवणाऱ्या स्टाइलच्या कोडमधलं जे नाव दुसरीकडे कुठेच वापरलेलं नाही, ते पुसा."

'कार्ड-१७' हे नाव मी सगळीकडे शोधलं. कुठेच नव्हतं, म्हणून ती ओळ पुसली.

पान पुन्हा उघडलं तर सोळा आणि अठराच्या मध्ये एक नवीन मुलगी. दोन वेण्या, गणवेश आमचाच.

"ही कोण गं?"

रुखसारने माझा हात घट्ट धरला. "अरे, ही तर अस्मिता! मागच्या वर्षी तापाने गेली ना. तू हिला कुठून आणलंस?"

"मी फक्त एक ओळ पुसली."

सर धावत आले. "अगं, मागच्या आठवड्यात मी त्याच ओळीने तिला लपवलं होतं! ते नाव पान उघडताना 'कार्ड'ला नंबर जोडून तयार होतं, शोधून कसं सापडेल? लवकर परत लिही. तिचा भाऊ इथेच पाचवीत आहे, आई सभेला येईल."

मी टाइप करायला लागले, तेवढ्यात मागून आवाज आला.

"सर, ऱ्हाऊ द्या." दारात अस्मिताची आई उभी होती. "आठवडा झाला, रोज सपनात येते. म्हनते, आई, मला वर्गातल्या सगल्या पोरी दिसतात, पन मी कुनालाच दिसत न्हाय."