चार घड्यांची गोधडी

निलंग्याच्या गॅरेजात बेगमबी सुनेची स्कूटी दुरुस्त व्हायची वाट पाहत बसल्या होत्या. समोर शेषेरावांची जुनी पिकअप उभी होती. ती नवी असताना तिच्या बॉनेटवरचा झेंडूचा हार बेगमबींनी पाहिला होता. आता शेषेराव आत बसले होते आणि ताहेर मिस्त्री दारातून वाकून पाहत होता.

“गिअरबॉक्स गेला, ताहेरभाई. पहिला टाकला की कर्रकर्र करतो. दुपारी धर्माबादचा माणूस येऊन राहिलाय, विकून टाकतो.”

“इंजिन बंद करा अन् आता पहिला गिअर टाका बरं.”

“पडला की! लोण्यावानी.”

“मग गिअरबॉक्स चांगला हाय. आता क्लच पूर्ण दाबा.”

“दाबलाय.”

“अर्धाच गेला, काका. खाली काय हाय?”

“गोधडी. चार घड्या करून टाकलीय. गाडी म्हंजे लक्ष्मी, चप्पल घालून बसत न्हाई मी. पाय पोळतात म्हणून सिंधूनं शिवून दिली.”

“कधी?”

“पोळ्याला.”

“अन् गिअर कधीपासून ओरडतो?”

“पोळ्यापासूनच.”

“गोधडीवर अडून क्लच पूर्ण दबत न्हाई, म्हणून गिअर ओरडतो. गोधडी काढा. गाडी विकू नका.”

“धर्माबादवाल्याला नको म्हणून सांगतो. पण गोधडीचं सिंधूला विचारावं लागंल.”

“गाडी विकायचं विचारलं होतं का काकूला?”

“न्हाई. गाडी माझी हाय.”