दिवेलागणीच्या खिडक्या

अगं, सुट्टीत बंगळूरला आईकडे होते ना, रोज आमचं खिडक्यांवरून वाजायचं. उकडतं म्हणून मी उघडायची आणि दिवेलागण झाली की आई येऊन सगळ्या धाडधाड लावायची.

"डास शिरतात. स्वल्प उकडलं तर काय होतंय?"

"आई, जीव गुदमरतो माझा."

त्यावर ती टेबलफॅन तेवढा माझ्याकडे वळवायची आणि स्वतः पदराने वारा घ्यायची.

परवा इकडे टोरांटोत संध्याकाळी मी खिडक्या चाचपत फिरत होते. नवरा म्हणाला, "बंदच आहेत. काय बघतेस?"

"डास येतील."

"या बर्फात?"

खरं सांगू, एखादा चावला असता तर बरं वाटलं असतं.