पूजाच्या तासाला मी

हसू नका, पण एक तास म्या बी कॉलेज केलंय. आमच्या नातीची, पूजाची हजेरी कमी भरली होती. अजून एक तास बुडला की परीक्षेला बसू देणार न्हाईत. अन् तिला जायचं होतं अणदूरला, मैत्रिणीच्या हळदीला. तिनं मोबाईलवर ऑनलाइन वर्ग चालू करून मोबाईल माझ्या हातात दिला. “आजोबा, नुसतं धरून बसा. बोलायचं न्हाय.” घाईत आपल्याकडचा आवाज बंद करायचा राहिला.

सर सारखे विचारत होते, “आवाज येतोय का? अरे, कुणी आहे का?”

कुणी ओ देईना. माणूस हाका मारतोय अन् सगळे गप्प, हे काय मला बघवंना.

“येतोय की सर, बोला.”

“कोण बोलतंय?”

“पूजाचा आजा. ती हळदीला गेलीय.”

“म्हणजे ती वर्गात नाही?”

“न्हाय. पण बाकीचे तरी कुठं हायेत?”

सर मग म्हणाले, “बाबा, तुम्ही आहात ना? मग शिकवतो.” अन् तासभर शिकवलं की!

संध्याकाळी पूजानं आल्या आल्या विचारलं, “हजेरी लागली का?”

“लागली. पण माझी. उद्या बी मलाच बोलावलंय.”