भट्टीचं ओळखपत्र

—नाही हो, चष्मा लावूनच वाचलीये. दोनदा. बाईमाणूस दिसलं की पुस्तिका उलटीच धरली असणार असं का वाटतं तुम्हा लोकांना? बसा ना — त्या स्टुलावर नको, त्याचा पाय डुगडुगतो, या खुर्चीवर बसा. तर तुम्हीच लिहिता होय या पुस्तिका? बरं झालं, मला तुमचं तोंड बघायचंच होतं. 'भट्टीच्या कंट्रोलरचं सर्टिफिकेट कसं बदलावं' — चाळीस पानं! पान एक, विंडोजमध्ये फाइलवर डबल-क्लिक करा. पान दोन, चौकट उघडेल, 'पुढे' म्हणा. पान तीन, परत 'पुढे' म्हणा. आणि पानापानावर त्या चौकटीचे फोटो, लग्नाच्या अल्बमसारखे! आमच्या या कॉम्प्युटरवर आहे लिनक्स. अकरा वर्षं झाली, एक दिवस आजारी पडला नाही बिचारा. त्याला डबल-क्लिक केलं तर तो ती फाइल वाचायलाच उघडून देतो — नुसती गिचमिड! घ्या, म्हणतो, वाचा.

आणि आमच्यासाठी काय, तर अडतिसाव्या पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ — 'इतर प्रणाली वापरणाऱ्यांनी आपल्या सिस्टीम प्रशासकाशी संपर्क साधावा.' इतर! आम्ही काय सावत्र? आणि इथे प्रशासक कोण? मीच! ब्रेडच्या भट्ट्या बघणारी मी, कॉम्प्युटर बघणारी मी, पंखा अडला तर काठीने ढोसणारीही मीच. साधला की संपर्क — बेसिनवरच्या आरशापुढे उभी राहिले नि म्हटलं, बाई, काय करायचं गं? हसू नका. तुमच्या हेल्पलाइनवाल्याला विचारलं, तर म्हणाला, स्टार्ट बटण दाबा. म्हटलं, नाहीये. म्हणतो, डाव्या कोपऱ्यात बघा. अहो, नसलेलं बटण कोपऱ्यात शोधून सापडतं होय?

आता सर्टिफिकेट म्हणजे काय, ते मी तुम्हाला काय सांगायचं — भट्टीचं ओळखपत्रच ते. मुदत संपली की हा कॉम्प्युटर भट्टीला ओळख दाखवत नाही, आणि याने ओळख दाखवली नाही की भट्टी बंद. मुदत होती मंगळवार दुपारी बाराची. पावणेबारा झाले, मी आपली तुमच्या चौकटी शोधतेय, खाली भट्ट्या पेटलेल्या, मॅनेजर डोक्यावर उभे — "नाचता येईना, अंगण वाकडं," म्हणाले मला, सगळ्यांसमोर! मग माझंही डोकं फिरलं. म्हटलं, याला मुदत संपल्याचं कळतं कशावरून? घड्याळावरून. मग घड्याळच मागे! नेलं की तीन दिवस मागे, शनिवार करून टाकला. भट्टी खूश, मॅनेजर खूश — त्यांना वाटलं सर्टिफिकेट बदललं, मीही नाही कुठे म्हटलं. फक्त आज शुक्रवार, म्हणजे याचा पुन्हा मंगळवार, बाराला पुन्हा तेच. म्हणून तर तुमच्या कंपनीकडे एवढी बोंबाबोंब केली. कुणाला सांगू नका बरं का.

पण माझं लक्ष आज इथे नाही, त्याचं कारण वेगळंच. माझा धाकटा भाऊ इथलीच ब्रेडची एकुलती एक गाडी चालवतो — भोंगा म्हणतात त्याला, गाडी दिसायच्या आधी ऐकू येते. परवापासून दुकानदार ओरडतायत, याने शिळा माल टाकला म्हणून. चार दिवस टिकणारा ब्रेड, आणि पाकिटावर तारीख तीन दिवसांपूर्वीची! मॅनेजर म्हणतात, हा ताजी पाकिटं परस्पर विकतो नि जुनी दुकानात ठेवतो. आज अकराला बोलावलंय — राजीनामा लिहून दे, नाहीतर पोलीस. तो आपला शपथा घेतोय, ताई, अगं गरम पाकिटं उचलली मी, हाताला चटका बसला. आणि मी सख्खी बहीण, मी काय म्हणावं? म्हटलं, तू खोटं बोलशील, तारीख कशाला खोटं बोलेल? भरल्या ताटावरून उठला हो तो. मला काल घास उतरला नाही.

काय? तारखेचा ठसा? तो मारणारं मशीन खाली आहे ना, पॅकिंगला. त्याला तारीख कुठून—? इथूनच की, याच कॉम्प्युटरवरून घेतं, मीच तर जोडून दिलंय, रोज सकाळी—

अगं बाई.

अगं बाई गं! चोर सोडून संन्याशाला फाशी — आणि दोर कुणी वळून दिला? मी! त्याच्या ताटासमोर बसून मी त्याला— किती वाजले? याचं नका सांगू, तुमच्या मनगटावरचं सांगा. अकराला पाच कमी?

अहो, काय करताय? कीबोर्ड सोडा! सर्टिफिकेट दोन ओळींत बदलतं? बदलत असेल, ते भांडण आपण नंतर करू. आत्ता तुम्ही हे नीट केलंत की इथे शुक्रवार लागेल, मग मी दाखवू काय? नुसतं सांगितलं तर मॅनेजर म्हणतील, बहीण आहे, भावाला पाठीशी घालतेय. हा मंगळवार त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघायला हवा. बाराला भट्टी बंद पडली तर पडू दे. माझी नोकरी? जाईल. जाऊ दे — नाही, जाऊ नये असं वाटतंय हो, फार वाटतंय. पण तो वेडा खाली सही करत असेल आत्ता. सरका. वाटेतून सरका म्हणते ना! आणि मी त्यांना घेऊन येईपर्यंत कशाला हात लावायचा नाही!