राजमा की अंजीर

…नाही, तुम्हीच सांगा, बायको आजारी आहे की बाजारात विकायला ठेवलीय? जो येतो तो आपला ‘शंभर ग्रॅममध्ये किती?’ तुम्हाला सांगतो, हिच्या पोटात गाठ आहे. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, “आधी रक्त वाढू दे, अंगात ताकद येऊ दे, त्याशिवाय मी ऑपरेशनला हात लावणार नाही.” झालं! आमचे दादा पेटले. दादा म्हणजे माझे थोरले भाऊ, जन्मभर वजनकाटे दुरुस्त केले, माणूस दिसला की आधी त्याचं वजन बघतात. सकाळी उकडलेल्या राजम्याचा डबा घेऊन हॉस्पिटलात हजर! “शंभर ग्रॅममध्ये चोवीस ग्रॅम प्रथिनं! अंजिरात किती? तीन! अगं, तीन!”

हे ऐकवत होते कुणाला? माझ्या मेहुणीला. ती औषधाच्या दुकानात काउंटरवर असते, म्हणजे अर्धी डॉक्टर… स्वतःच्या मते पूर्ण. अंजीर, मनुका, जर्दाळू असा डबा भरून ती उशाशी बसलेली. “दादा, ते चोवीस कोरड्या राजम्याचे! शिजला की पाणी पिऊन टम्म फुगतो, मग शंभर ग्रॅममध्ये किती? आठ-नऊ! माझ्या ताईला पाणी खायला घालताय?” दादा उसळले, “आणि तुझ्या अंजिरात काय? पाणी उडवलं, उरली साखर! निम्मी साखर!” “आणि कॅल्शियम?” “आणि लोह?” “कोरड्यातलं की शिजवलेल्यातलं?” अहो, मध्ये माझी बायको झोपलीय! तिच्या अंगावरून लोह इकडून तिकडे चाललंय, पण तिला विचारतंय कोण? राजमा तिला चाववत नाही, मनुकेने मळमळतं. दोन घास, की मान फिरवते.

मग डबे कोण संपवणार? मी! उरले तर दोघं माझ्याच मानगुटीवर बसतात ना! बाथरूमचं दार लावून, नळ सोडून, उभ्या उभ्या खातो… आणि बाहेर दादांचा आवाज, “बघ, संपला राजमा! चेहऱ्यावर लाली आलीय!” लाली कसली हो, ताप होता तिला.

काल रिपोर्ट आले. डॉक्टरीणबाईंनी मला एकट्यालाच आत बोलावलं. आणि मी काय विचारावं? “राजमा चालू ठेवू की अंजीर? शंभर ग्रॅममध्ये…” हो, मीसुद्धा! लागण झाली ना! बाईंनी फाइल मिटली, म्हणाल्या, “आता पथ्य काही नाही. त्यांना आवडेल ते द्या.” ऑपरेशनचं नावच काढलं नाही. मीही विचारलं नाही… छाती कुणाला होती?

बाहेर दोघं टपलेले. “काय म्हणाल्या? कोण बरोबर?” म्हटलं, “दोन्ही चालेल.” अहो, काय आनंद! दादांनी मेहुणीला राजमा दिला, तिने दादांच्या हातावर अंजीर ठेवलं. इतक्या दिवसांतलं पहिलं एकमत! मी आपला भिंतीकडे तोंड करून उभा… रडू आवरेना.

खोलीत गेलो. हिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि ओळखलं. काही सांगावंच लागलं नाही. दोन्ही डबे माझ्याकडे सरकवले. “खा हो. लपून नको, इथे बसून खा. पुढे ताकद तुम्हालाच लागणार आहे.”

खातोय… काय करणार? तिच्यासमोर बसून खातोय. न चावताच गिळतोय, डोळ्यांतून पाणी… आणि वर ही मलाच दटावतेय, “गिळू नका, नीट चावा!”