लाल अक्षरांतला दाखला

आमच्या ऑफिसातल्या 'गोपनीय'ची गोष्ट सांगितलीच नाही तुम्हाला. नवीन सॉफ्टवेअर आलं, त्यात प्रत्येक कागद साधा की गोपनीय ते निवडावं लागे. मी उत्साहात दिवसभर गोपनीयच दाबत राहिलो. दाखल्यासाठी आलेल्या चिचगडच्या चैतरामबाबांना मीच "तोंडी चालत नाही, लेखी आणा" म्हणत तीन चकरा मारायला लावल्या होत्या. त्यांचा रहिवासी दाखलाही त्याच दिवशी निघाला, त्यावर आडवं लाल 'गोपनीय'.

दुसऱ्या दिवशी देवरीच्या कॉलेजातून फोन आला. "नातीच्या ॲडमिशनचा आज शेवटचा दिवस, अन् म्हातारा दाखला दाखवूनच नाही राहिला."

मी गाडीला किक मारली ती थेट कॉलेजात. बाबा पिशवी छातीशी धरून बसलेले, नात रडकुंडीला आलेली.

"बाबा, दाखवा न तो कागद."

"कायले दाखवू? गोपनीय लिवलं हाये."

"चुकून छापलं जी मी. आता मीच सांगून राहिलो न."

बाबांनी मला खालून वर पाहिलं.

"तोंडी नाही चालत बापू. लेखी आण."

मी तिथंच लिहून सही केली. बाबांनी कागद उलटसुलट पाहिला.

"शिक्का कुठं हाये?"