निकाल तुझ्या बाजूनं

संजय : अगं, शनिवार-रविवारसाठी मैत्रीचे एवढे कपडे? दोन-दोन बॅगा?

आम्रपाली : शनिवार-रविवारसाठी नाहीत. निळ्या बॅगेत शाळेचं सगळं आहे. मी गुरुवारी टोरांटोला जातेय.

संजय : जातेय म्हणजे? कोर्टानं स्पष्ट सांगितलंय, मैत्रीला देशाबाहेर नेता येणार नाही म्हणून.

आम्रपाली : मैत्रीला. मला कुठे अडवलंय?

संजय : आमू, वेड्यासारखं करू नकोस. आत ये आधी.

आम्रपाली : खाली टॅक्सी थांबलीय. आणि तोंड का उतरलंय तुझं? निकाल तुझ्या बाजूनं लागला. तुझा वकील घसा खरवडून सांगत होता, वडिलांवाचून मुलगी कोमेजेल. सांभाळ आता.

संजय : माझं हिंजवडीच्या कंपनीचं तुला माहीत नाही? सकाळी बस पकडतो ते रात्रीच उगवतो. वर अमेरिकेचे कॉल्स. घरी माझे वडील, तर अण्णांना हल्ली धड दिसतही नाही. तिला बघणार कोण?

आम्रपाली : हे कोर्टात नाही सांगितलंस.

संजय : कारण मला वाटलं...

आम्रपाली : बोल ना.

संजय : वाटलं, परवानगी मिळाली नाही की तू तिकडची नोकरी सोडशील. पोरीला टाकून थोडीच जाशील? पुण्यातच राहशील, आणि मग हळूहळू आपलं...

आम्रपाली : म्हणजे पोरीला खुंटीला बांधून ठेवलंस, मी अडकावी म्हणून.

संजय : मला तुम्ही दोघी हव्या होतात गं.

आम्रपाली : मग तसं मला सांगायचं. कोर्टाला काय सांगितलंस? ही बाई करिअरच्या मागे, पोरीकडे लक्ष नाही. ज्या वडिलांनी मला इंजिनीअर केलं, ते चष्मा पुसून पुसून वाचत होते ते.

संजय : ते वकिलानं लिहिलं होतं.

आम्रपाली : सही तुझी होती.

संजय : घेऊन जा तिला. खरंच. मी संमती देतो, उद्याच वकिलाकडे जाऊ.

आम्रपाली : केस लावायच्या आधी मी हात जोडले होते तुझ्यापुढे. आता पुन्हा तारखा, पुन्हा व्हिसा. तिकडे माझ्यासाठी कोणी थांबणार नाही.

संजय : मग राहा ना. तिच्यासाठी तरी.

आम्रपाली : राहिले असते रे. जीव तुटतोय माझा. पण रोज तिचं तोंड बघून मनात येईल, हिच्यामुळे अडकले. मला तिचा राग यायला लागेल, संजय. त्याची भीती वाटते मला.

(मैत्री जिन्यावरून छोटी पिशवी घेऊन वर येते.)

संजय : मैत्री, बाळा, तू सांग आईला. जाऊ नको म्हणावं. तुझं ऐकेल ती.

मैत्री : काल सांगितलं, बाबा. खूप वेळा सांगितलं.

आम्रपाली : येते मी, राणी.

मैत्री : बाबा, आता इथे रोज सोफ्यावरच झोपायचं?